यानिस एंडझेलीन्स: तळटीपांमधलं नाव आणि त्यामागचं काम

तुम्ही विचारलंय की इंडो-युरोपीय भाषांचं तुलनात्मक व्याकरण वाचताना लिथुआनियन किंवा लाटव्हियनचा विषय निघाला की तळटीपेत ‘एंडझेलिन’ हे नाव हमखास येतं. हे गृहस्थ कोण, त्यांनी नेमकं केलं काय, आणि मराठीच्या बोलींवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांना वाचण्यात वेळ घालवावा का? माझं बरंचसं आयुष्य ऐतिहासिक भाषाविज्ञान शिकवण्यात आणि कोशाच्या कामात गेलं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच देतो: जरूर घालवावा, आणि तो त्यांच्या सिद्धांतांपेक्षा त्यांच्या कोशावर घालवावा.

यानिस एंडझेलीन्स यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1873 रोजी लाटव्हियातल्या वाल्मिएरा गावाजवळच्या काउगुरी परगण्यात झाला. तेव्हा हा मुलूख रशियाच्या झारच्या ताब्यात होता, जमीनदार आणि पाद्री बहुतेक जर्मन होते, आणि लाटव्हियन ही शेतावर काम करणाऱ्यांची भाषा समजली जायची. ते तार्तु विद्यापीठात आधी ग्रीक-लॅटिन आणि मग स्लाव्ह भाषा शिकले. 1909 ते 1920 ते युक्रेनमधल्या खारकीवला प्राध्यापक होते. 1920 मध्ये स्वतंत्र लाटव्हियाच्या नव्या विद्यापीठासाठी ते रिगाला परतले आणि पुढची तीस वर्षं तिथेच शिकवत राहिले. 1 जुलै 1961 रोजी दाउगावा नदीकाठच्या कोक्नेसे इथे त्यांचं निधन झालं.

तळटीपांत त्यांचं नाव येतं त्याचं पहिलं कारण 1899 चं आहे. त्या वर्षी, वयाच्या 26 व्या वर्षी, त्यांनी लाटव्हियन अक्षरांवरच्या सुरांबद्दल एक जर्मन लेख लिहिला. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

लाटव्हियनमध्ये आघात जवळजवळ नेहमीच शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. शेजारच्या लिथुआनियनमध्ये तो फिरता असतो. एकाच नामाच्या एका विभक्तीत तो मुळावर, तर दुसरीत प्रत्ययावर जातो. वैदिक संस्कृतातल्या उदात्ताचीही हीच तऱ्हा. त्यामुळे लाटव्हियनने आपला जुना आघात गमावला आणि तिच्याकडून त्या बाबतीत काही मिळणार नाही, असं वाटणं साहजिक होतं. पण लाटव्हियनच्या दीर्घ अक्षरांवर सूर असतात आणि ते तीन आहेत: ताणलेला, उतरता आणि तुटका. तुटक्या सुरात आवाज घशात क्षणभर अडकतो आणि मग सुटतो. हे सूर अर्थ बदलतात. ‘लुओक्स’ असा एकच वाटणारा उच्चार सुराप्रमाणे कांद्याची पात, धनुष्य किंवा खिडकी होतो.

एंडझेलीन्स यांनी लाटव्हियन शब्द आणि त्यांचे लिथुआनियन भाऊबंद शेजारी शेजारी मांडले. ‘लिएपा’ म्हणजे लिंडन झाड. लिथुआनियनमध्ये त्याचा सूर तीव्र आणि आघात स्थिर, तर लाटव्हियनमध्ये सूर ताणलेला. ‘गाल्वा’ म्हणजे डोकं. लिथुआनियनमध्ये सूर तोच तीव्र, पण आघात फिरता, आणि लाटव्हियनमध्ये सूर तुटका. ‘रुओका’ म्हणजे हात; लिथुआनियनमध्ये दुसऱ्या प्रकारचा सूर, आणि लाटव्हियनमध्ये उतरता. अशा जोड्या एकामागून एक तपासत गेल्यावर नियम उघडा पडला: लाटव्हियनचा ताणलेला आणि तुटका सूर यांच्यातला फरक म्हणजे एके काळी आघात मुळावर ठाम होता की हलत होता, याची खूण. आघात गेला, पण जाताना सुरावर वळ ठेवून गेला. बाल्टिक (लिथुआनियन, लाटव्हियन) आणि स्लाव्ह (रशियन वगैरे) भाषांच्या जुन्या आघाताची पुनर्रचना आजही या निरीक्षणाला टाळून करता येत नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिन्ही सूर सगळ्या लाटव्हियामध्ये टिकलेले नाहीत. बऱ्याच भागांत दोनच उरलेत. तिन्ही वेगळे ठेवणारा पट्टा मध्य बोलीचा, वाल्मिएराच्या आसपासचा. म्हणजे एंडझेलीन्स यांच्या घरची बोलीच ती. ज्या भेदावर त्यांनी नाव कमावलं, तो त्यांनी पुस्तकातून शिकला नव्हता. जर्मन पाद्र्यांनी दोन-अडीचशे वर्षं लाटव्हियनची व्याकरणं लिहिली होती, पण हे सूर इतक्या खात्रीने ऐकायला त्या बोलीत वाढलेला आणि शास्त्र शिकलेला कान लागत होता.

आता कोश. माझ्या मते हेच त्यांचं खरं आयुष्यकार्य.

कार्लिस मीलेनबाख्स हे त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे. व्यवसायाने शाळामास्तर, होमरची ‘ओडिसी’ त्यांनी लाटव्हियनमध्ये आणली होती. दोघांचं चांगलं जमलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोघं बोली ऐकायला एकत्र हिंडले, आणि 1907 मध्ये दोघांच्या नावाने लाटव्हियन व्याकरण निघालं. मीलेनबाख्स त्याच काळात एका मोठ्या लाटव्हियन-जर्मन कोशावर काम करत होते. पहिल्या महायुद्धात आघाडी रिगाकडे सरकली तशी माणसं आणि संस्था तिथून हलवल्या गेल्या. 1916 मध्ये, आज एस्टोनियात असलेल्या व्हेरू या गावी, मीलेनबाख्स वारले. हस्तलिखित ‘प’ अक्षरात थांबलं होतं, ‘काहीसा काळसर’ अशा अर्थाच्या एका विशेषणापाशी. (त्या विशेषणातलं मूळ आपल्या ‘तमस्’चं नातलग आहे.)

एंडझेलीन्स तेव्हा खारकीवला होते. पुढची काही वर्षं तिथे क्रांती, यादवी आणि उपासमार. परतल्यावर त्यांनी हा कोश हाती घेतला आणि 1923 ते 1932 या काळात चार खंडांत पुरा छापला. मुखपृष्ठावर नाव मीलेनबाख्स यांच्या कोशाचं आहे. एंडझेलीन्स यांच्यापुढे तीन क्रियापदं आहेत: संपादन केलं, भर घातली, पुढे चालवलं. तिन्ही शब्दशः खरी आहेत. मीलेनबाख्स यांनी लिहून ठेवलेल्या भागाला नुसती शेपटी जोडून ते थांबले नाहीत. पहिल्या नोंदीपासून शेवटच्यापर्यंत त्यांनी सूर, बोलींतली रूपं आणि व्युत्पत्ती घातल्या. मग एडिते हाउझेनबेर्गा या आपल्या विद्यार्थिनीबरोबर 1934 ते 1946 या काळात पुरवणीचे दोन खंड काढले. या पुरवण्या म्हणजे कोश छापून झाल्यावर गावोगावहून येत राहिलेले शब्द आणि आधीच्या नोंदींतल्या दुरुस्त्या. कोशकाराने स्वतःच्या छापील कोशातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी दोन खंड खर्ची घालावेत, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

या कामाचं मोल कळायला लिथुआनियाकडे पाहा. काझिमिएरास बूगा हे एंडझेलीन्स यांचे समकालीन आणि तितक्याच ताकदीचे अभ्यासक. त्यांनीही लिथुआनियन भाषेचा मोठा कोश आरंभला. 1924 मध्ये, वयाच्या अवघ्या 45 व्या वर्षी, ते केनिग्सबर्गला वारले. तोवर जेमतेम सुरुवातीचे भाग तयार झाले होते. काम नव्याने उभं करावं लागलं आणि लिथुआनियन भाषेच्या त्या महाकोशाचा विसावा, शेवटचा खंड 2002 मध्ये आला. तो कोश थोर आहे, पण बूगा यांच्या कानाने ऐकलेलं बरंच काही त्यांच्याबरोबर गेलं. लाटव्हियनच्या वाट्याला तो तोटा आला नाही, कारण अर्ध्यावर राहिलेलं काम उचलायला तयार असलेला माणूस हजर होता आणि तो स्वतःच्या नावाचा वेगळा कोश काढण्याच्या मोहात पडला नाही.

कोशातली एक नोंद कशी असते ते सांगतो, कारण तुम्हाला ती प्रत्यक्ष वाचायची आहे. आधी शीर्षशब्द, त्यावर सुराची खूण. लगेच परगण्यांची संक्षिप्त नावं: हा सूर अमुक ठिकाणी ऐकला, तमुक ठिकाणी दुसरा ऐकला. मग जर्मन अर्थ. मग उदाहरणं, त्यातली पुष्कळ लोकगीतांतली, ज्यांना लाटव्हियात ‘दाइना’ म्हणतात. क्रिशयानिस बारोन्स यांनी 1894 ते 1915 या काळात छापलेल्या दोन लाखांहून अधिक दाइनांच्या संग्रहातला क्रमांक तिथे दिलेला असतो. शेवटी व्युत्पत्ती: लिथुआनियन, जुनी प्रशियन (आता मेलेली एक बाल्टिक भाषा), स्लाव्ह आणि संस्कृत. ‘दूमि’ म्हणजे धूर. तिथे आपला ‘धूम’ भेटतो. ‘मेदुस’पाशी ‘मधु’ भेटतो. मराठी वाचकाला या ओळी पाहून आनंद होतो, पण तेवढ्यावर थांबू नका. नोंदीचा खरा जीव मधल्या परगण्यांच्या नावांत आहे. ‘हा शब्द लाटव्हियन आहे’ इतकं विधान एंडझेलीन्स यांना पुरत नसे. कुठल्या गावच्या तोंडात, कुठल्या सुरात, हे कळल्याशिवाय शब्दाची नोंद त्यांच्या लेखी पुरी होत नव्हती.

हे एकट्याने होण्यासारखं नव्हतंच. रिगाला येताच, 1920 मध्ये, त्यांनी भाषा-अभ्यासकांची एक मंडळी उभी केली. तिचं वार्षिक 1921 ते 1940 अशी वीस वर्षं निघालं आणि त्यात विद्यार्थ्यांनी आपापल्या परगण्याच्या बोलीची वर्णनं लिहिली. मुलगा किंवा मुलगी ज्या गावची, त्या गावची बोली त्यांनी लिहायची, आणि प्राध्यापकांनी ती तपासायची. त्याबरोबर स्थलनामांचा संग्रहही चालू होता. त्याचे दोन भाग 1922 आणि 1925 मध्ये आले, आणि म्हातारपणी, 1956 पासून, त्यांनी तो वर्णानुक्रमे पुन्हा छापायला घेतला. शेतांची, ओढ्यांची, टेकड्यांची नावं त्यात आहेत. पश्चिम लाटव्हियातल्या कुर्झेमेच्या किनाऱ्यावरचे जुने कुर लोक फिनिक (फिनिश-एस्टोनियन) वंशाचे की बाल्टिक, हा वाद त्या काळी जोरात होता. कुर लोक बाल्टिकच, असं एंडझेलीन्स यांनी 1912 मध्ये मांडलं, आणि लिखित पुरावा तुटपुंजा असल्याने त्यात स्थलनामांचा आणि व्यक्तिनामांचा आधार मोठा होता. आज ते मत सर्वमान्य आहे.

आता आपल्याशी असलेला एक दुवा, जो पुस्तकांत सहसा एकत्र सांगितला जात नाही. 1908 मध्ये पॅरिसचे भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी म्हटलं की बाल्टिक आणि स्लाव्ह यांची एकच समाईक जननी भाषा मानायला आधार नाही. दोन्ही शाखा स्वतंत्रपणे, समांतर वाढल्या. एंडझेलीन्स यांनी 1911 च्या आपल्या रशियन ग्रंथात याला उत्तर दिलं. त्यांनी सरसकट विरोध केला नाही: सुरुवातीला दोन्ही वेगळ्या, पण नंतर दीर्घकाळ शेजारी राहून एकत्र बदललेल्या, असा मधला मार्ग काढला, आणि त्यासाठी ध्वनी, रूपं, शब्द अशी सगळी सामग्री पुढे ठेवली. हेच मेये म्हणजे झ्यूल ब्लोक यांचे गुरू, आणि ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवरचा तो पायाभूत फ्रेंच प्रबंध लिहिला, जो 1920 मध्ये ग्रंथरूपाने आला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 मध्ये मराठीत आणला. म्हणजे मराठीचं ऐतिहासिक व्याकरण आणि लाटव्हियनचं ऐतिहासिक व्याकरण एकाच काळात, एकाच पद्धतीने, एकाच वर्तुळात घडत होतं. फरक इतकाच की ब्लोक यांच्या हाती शिलालेख, जुनं वाङ्मय, छापील कोश आणि ग्रिअर्सनचं सर्वेक्षण होतं. परगण्यापरगण्यातून लिहून आणणारे विद्यार्थी नव्हते. त्यांचं पुस्तक वाचताना बोलींचा भाग पातळ वाटतो, त्याचं कारण हे आहे.

लेखनपद्धतीचं काम थोडक्यात सांगतो. जुनी लाटव्हियन जर्मन धर्तीच्या लिपीत आणि जर्मन वळणाने लिहिली जायची. एका ध्वनीला तीन-चार अक्षरं. 1908 मध्ये रिगातल्या लाटव्हियन संस्थेच्या समितीने नवी पद्धत सुचवली. तीत मीलेनबाख्स आणि एंडझेलीन्स दोघेही होते. दीर्घ स्वरावर आडवी रेघ, मृदू व्यंजनाला खूण, एका ध्वनीला शक्यतो एक अक्षर. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी झाली आणि आजची लाटव्हियन मुख्यतः तशीच लिहिली जाते. 1946 मध्ये सोव्हिएत काळात मृदू ‘र’ची खूण काढून टाकली. रिगा शहरात तो उच्चार बहुतेक गेलाच होता, पण बोलींत जिवंत होता आणि रूपांची व्यवस्था त्यावर उभी होती, म्हणून एंडझेलीन्स ती खूण ठेवण्याच्या बाजूचे होते. परदेशात गेलेल्या लाटव्हियनांनी ती पुढे अनेक वर्षं चालू ठेवली. 1962 च्या नियमांनी मराठीतले व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले तेव्हा कोकणातल्या सानुनासिक उच्चारांचा मुद्दा पुढे आला होता, तो ज्यांना आठवतो त्यांना हा वाद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

1940 नंतर त्यांच्या देशात तीनदा सत्ता बदलली: सोव्हिएत, नाझी, पुन्हा सोव्हिएत. जुन्या प्रशियन भाषेवरचं त्यांचं पुस्तक 1943 मध्ये, ऐन युद्धात आलं. एक 802 शब्दांची यादी, ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तीन प्रश्नोत्तर-पुस्तिका आणि काही किरकोळ तुकडे एवढ्या सामग्रीवर त्यांनी एका मेलेल्या भाषेचं व्याकरण बांधलं. 1944 मध्ये अनेक सुशिक्षित लाटव्हियन पश्चिमेकडे निघून गेले. एडिते हाउझेनबेर्गाही जर्मनीला गेल्या. एंडझेलीन्स राहिले. 1948 मध्ये त्यांचं बाल्टिक भाषांचं तुलनात्मक व्याकरण निघालं. त्या वर्षांत सोव्हिएत भाषाविज्ञानावर निकोलाय मार्र यांच्या मताचा पगडा होता. भाषाकुलं आणि जननी भाषांची पुनर्रचना हा सगळा ‘बूर्झ्वा’ भ्रम ठरवला गेला होता. अशा वातावरणात ते पुस्तक छापलं जाणं हीच मोठी गोष्ट. जून 1950 मध्ये खुद्द स्टालिनच्या लेखाने मार्रवाद एका फटक्यात मोडला. पुढच्याच वर्षी एंडझेलीन्स यांचं मोठं लाटव्हियन व्याकरण, जे आधी 1922 मध्ये जर्मनमध्ये निघालं होतं, लाटव्हियन भाषेत छापून आलं, आणि 1958 मध्ये त्याला लेनिन पारितोषिक मिळालं. दोन्ही आवृत्त्या वाचल्या तर पद्धत तीच दिसते. सत्तेनुसार त्यांनी ध्वनिनियम बदलले नाहीत.

त्यांच्या मर्यादाही तुम्हाला माहीत हव्यात. भाषा कशी आहे हे इतक्या बारकाईने टिपणारा हा माणूस भाषा कशी असावी याबाबत फार कडक होता. जर्मन वळणाच्या शब्दप्रयोगांविरुद्ध त्यांनी याद्याच प्रसिद्ध केल्या. एका पिढीपुरतं ते समजण्यासारखं होतं, पण पुढे त्यातून लोकांच्या मनात ‘आपण चुकीचं बोलतो’ ही धास्ती बसली असावी, असं मला वाटतं. दुसरं, पूर्वेकडच्या लाटगाले भागाची भाषा त्यांनी लाटव्हियनची एक बोली म्हणून मांडली. ध्वनी आणि रूपांच्या दृष्टीने त्याला आधार आहे. पण लाटगालियनला अठराव्या शतकापासूनची स्वतःची छापील परंपरा आहे, आणि आज तिथले लोक तिचा दर्जा वेगळा मागतात. गोवा-सिंधुदुर्गाच्या वाचकाला हा प्रश्न ओळखीचा आहे: भाषाशास्त्रातलं नातं आणि बोलणाऱ्यांची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दुसरीचा निकाल पहिलीवरून लागत नाही.

मराठीसाठी यातून काय घ्यायचं? दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा पहिला खंड 1932 चा, म्हणजे लाटव्हियन कोशाचा चौथा खंड निघाला त्याच वर्षीचा. आपल्या कोशातही (को.), (गो.), (व.), (खा.) अशा कोकण, गोवा, वऱ्हाड, खानदेश दाखवणाऱ्या खुणा आहेत आणि त्या अमूल्य आहेत. पण ‘को.’ म्हणजे पालघर की सावंतवाडी, हे त्यातून कळत नाही. अमृत माधव घाटगे यांनी 1960 च्या दशकापासून कुडाळ, कासरगोड अशा एकेका जागेच्या बोलीवर स्वतंत्र पुस्तकं केली. ती एंडझेलीन्स यांच्या धर्तीच्या सर्वांत जवळ जातात. डेक्कन कॉलेजचं बोली-सर्वेक्षण आता गावपातळीवरचे आवाज ऐकायला देतं. कोशाची नोंद, घाटगे यांचं वर्णन आणि सर्वेक्षणातला आवाज, या तिन्हींना एका शब्दाखाली आणणारं काम अजून व्हायचं आहे. तुम्हाला बोलीवर काम करायचंय ना? मग पहिल्या वर्षी एकच तालुका घ्या आणि शेती किंवा मासेमारीसारखं एकच क्षेत्र. प्रत्येक शब्दापुढे गावाचं नाव, बोलणाऱ्याचं वय आणि उच्चार जसा ऐकला तसा लिहा. व्युत्पत्ती शेवटी. बहुतेक विद्यार्थी व्युत्पत्तीपासून सुरुवात करतात आणि मग ऐकलेला उच्चार तिच्या सोयीने वाकवतात.

वाचायचं कुठून? 1948 च्या बाल्टिक व्याकरणाचा इंग्रजी अनुवाद 1971 मध्ये निघाला आहे. तो मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळतो. पहिल्यांदा त्यातलं ध्वनींचं प्रकरण घ्या आणि शेजारी एखादं संस्कृत व्याकरण उघडं ठेवा, म्हणजे उदाहरणं परकी वाटणार नाहीत. कोश रिगाच्या ‘तेझाउर्स’ या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येतो. अर्थ जर्मनमध्ये असले तरी घाबरू नका. शब्द निवडायचे ते शरीराचे अवयव, नाती, जनावरं आणि अंकांचे. दहा-बारा नोंदी परगण्यांच्या नावांसकट वहीत उतरवून काढा आणि नकाशावर ती गावं शोधा. जर्मन थोडंफार येऊ लागलं की 1922 चं व्याकरण उघडा. 1899 चा लेख मात्र त्यानंतरच वाचा. आधी वाचलात तर तो कोरडा वाटेल, आणि तसा तो अजिबात नाही.